रसिकांचे सवाल, बावड्याचा जबाब

वर्ष संपत आले की सिनेमाच्या रसिकाला हिशेबाची हुक्की येते. पहिला कोण, दहावा कोण, कोण आपटला, कुणी किती कोटी केले. पूर्वी हे काम बिनाका गीतमाला करीत असे. 1952 पासून रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी गाण्यांच्या पायऱ्या लावायचे आणि वर्ष सरताना सगळ्या वर्षाची उतरंड सांगायचे. गावात ज्याच्याकडे रेडिओ, त्याच्या ओट्याखाली उभे राहून आम्ही ऐकायचो. ओट्यावर चढायचे नाही, आवाज मात्र फुकट.

आता ती जागा पॉडकास्टने घेतली आहे. आपल्या इंदापूर तालुक्यातली चार पोरं मोबाईलवर असा एक कार्यक्रम चालवतात. 2025 च्या डिसेंबरात त्यांनी मला बसवले. म्हणाली, "काका, वर्षअखेरचा भाग आहे, ऐकणाऱ्यांचे प्रश्न आलेत, तुम्ही फक्त उत्तरं द्या." चाळीसेक प्रश्न, प्रत्येकाला अर्धे मिनिट. अर्ध्या मिनिटात माझा नुसता घसा साफ होतो. तिथे जे जमले ते बोललो. इथे सावकाशीने लिहितो, कारण मला उत्तरांपेक्षा त्या प्रश्नांबद्दलच बोलायचे आहे. सिनेमाची समीक्षा करणारे गल्लोगल्ली आहेत, पण रसिकाच्या प्रश्नाची समीक्षा कुणी करीत नाही. रसिकाचा प्रश्न म्हणजे निर्मळ झराच, अशी एक समजूत आहे. प्रश्नसुद्धा कुठल्या तरी आळीतून निघतो, हे आम्ही सांगायचे नाही तर कुणी सांगायचे?

हा धंदा जुना आहे. 1935 साली मुंबईत बाबूराव पटेलांनी 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढले. त्यात वाचकांच्या प्रश्नांना संपादक उत्तरे द्यायचे आणि अनेक लोक म्हणे मासिक तेवढ्यासाठीच विकत घ्यायचे. बाबूराव मराठी माणूस, जीभ तिखट. एका ओळीत नटीचा मुखवटा उतरवायचे, दुसऱ्या ओळीत विचारणाऱ्याचा. पुढे ते लोकसभेतही जाऊन बसले. पण त्या खेळाचा नियम बघा. विचारणारा कायम खाली आणि सांगणारा वर. आणि विचारणारा कोण? इंग्रजी वाचता येणारा, मासिक विकत घेण्याइतके पैसे खिशात असलेला. सिनेमाच्या तिकीटबारीवर पुढच्या रांगेत सगळा गावगाडा आणि गावाबाहेरचाही बसत होता. शिट्ट्या त्याच्या, नाणी उधळणारा तोच. प्रश्न विचारायचा कागद मात्र त्याच्या हातात कधी आला नाही. आज मोबाईलने तो आणून दिला. म्हणून मला हे चाळीस प्रश्न महत्त्वाचे वाटतात, त्यातले तीस भंकस असले तरी.

भंकस लवकर उरकतो. "सैराट दोन कधी येणार?" नागराज मंजुळेंना विचारा. पहिल्या सैराटच्या शेवटी दोघेही मेलेत, हे बहुधा विसरला आहात. "2025 चा एक नंबर सिनेमा कुठला?" नंबर लावायला मी तलाठी नाही, पण मला सगळ्यात जास्त काय झोंबले ते पुढे सांगतो. "'साबर बोंडं' बघावा का?" जरूर बघावा. रोहन कानवडेंचा हा मराठी सिनेमा 2025 साली सनडान्सला मोठे बक्षीस घेऊन आला. दोन पुरुषांचे प्रेम इतक्या हळू आवाजात मराठी पडद्यावर मी पूर्वी पाहिले नव्हते. "'झुंड'मध्ये बच्चन कशाला घेतला?" पैसा उभा करायला घेतला असेल. पण भीमजयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडलेला बच्चन बघायला आमच्या बापजाद्यांना 2022 साल उजाडेपर्यंत थांबावे लागले. ते बघून बावड्यातल्या म्हाताऱ्यांचे डोळे भरले असतील तर मी त्यांना हसणार नाही. हिंदी सिनेमाला मात्र हसेन.

आता खरा प्रश्न. तो वेगवेगळ्या तोंडांनी नऊ वेळा आला होता. "सर, तुम्ही लोक प्रत्येक सिनेमात जात का बघता? सिनेमा सिनेमासारखा एन्जॉय का करत नाही?"

'तुम्ही लोक' या दोन शब्दांतच अर्धे उत्तर आहे, पण तेवढ्यावर सुटणार नाही. मी सैराटचेच उदाहरण घेतो, कारण तो आमच्या अंगणातला आहे. बावड्यातून नीरा ओलांडली की अकलूज, रिंकू राजगुरू तिथली. भीमेपलीकडे उजनीच्या पाण्याच्या कडेला करमाळा तालुका, तिथे मंजुळेंचे जेऊर, तिथेच सिनेमाचे बरेचसे चित्रीकरण. म्हणजे पडद्यावर जे ऊस, जे पाणी, जी विहीर, ती आम्ही ओळखतो. 29 एप्रिल 2016 ला तो आला आणि मराठीत पहिल्यांदा शंभर कोटींच्या गोष्टी सुरू झाल्या. त्या झिंगाटवर महाराष्ट्रातल्या सगळ्या आळ्यांच्या वराती नाचल्या. एकच गाणं, एकच ठेका, आणि वरात थांबायची ती आपापल्या मांडवात. कुणी कुणाच्या मांडवात गेले नाही.

या सिनेमात जात शोधावी लागते का? आर्ची पाटलाची, परशा मासे धरणाऱ्याचा. कॉलेजात लोखंडे सर दलित कवितेचा तास घेत असतात आणि पाटलाचा पोरगा प्रिन्स भर वर्गात त्यांच्या कानाखाली वाजवतो. वर्ग गप्प. सर गप्प. पुढे त्याच पाटलाच्या घरी, त्याच प्रकरणावरून, ओळख करून देण्याचा कार्यक्रम होतो. म्हणजे मारणाऱ्याला समज नाही, मार खाणाऱ्याला ओळख पटवून घ्यायची! हा प्रसंग मी किती जणांना आठवतो का म्हणून विचारले. आर्चीची बुलेट सगळ्यांना आठवते, ट्रॅक्टर आठवतो. थप्पड फार थोड्यांना आठवते. ज्यांना आठवते ते कुठल्या आळीत राहतात हे मला न विचारता कळते. जात मी सिनेमात घालीत नाही, भाऊ. ती तिथे आहेच. तुला ती न दिसण्याची सोय आहे, मला नाही. एवढाच आपल्यातला फरक.

आणि शेवट. हैदराबादेत संसार मांडलेल्या पोरीकडे माहेरची माणसे भेटी घेऊन येतात. चहा पुढे केला जातो. मग शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लेकरू परत येते, आणि त्या रक्तात उमटलेली त्याची पावले. संगीत नाही. अजय-अतुलचा एवढा मोठा वाद्यवृंद वापरणारा दिग्दर्शक नेमक्या त्या जागी आवाज काढून घेतो. याला मी कारागिरी म्हणून दाद देतो, पण नुसती कारागिरी म्हणून नाही. करमाळ्याच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, खर्ड्याला, 28 एप्रिल 2014 ला सतरा वर्षांचा एक दलित पोरगा मारला गेला. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढ्या संशयावरून. सैराट आला तो त्यानंतर दोन वर्षे आणि एक दिवस उलटल्यावर. 2017 साली त्या खटल्यातले आरोपी सुटले, साक्षीदार फिरले. आता सांगा, ती शेवटची शांतता बघताना आम्ही 'एन्जॉय' काय करायचे?

मुंबईने मात्र एन्जॉय करून दाखवले. 2018 साली सैराटचा हिंदी 'धडक' झाला. गाणी घेतली, पळून जाणे घेतले, जात काढून ठेवली. श्रीमंत पोरगी, साधा पोरगा, झाले. शेवटही फिरवला; पोरगी वाचते, नवरा आणि लेकरू मरतात. का मरतात, हे धडक बघून कुणाला कळत असेल तर त्याने मला पत्र लिहावे. मग 2025 च्या ऑगस्टात 'धडक 2' आला. त्यात मात्र जात आहे, आणि ठसठशीत आहे. ती आली कुठून? तमिळातून. मारी सेल्वराजच्या 2018 च्या 'परियेरुम पेरुमाळ'चा तो हिंदी अवतार. म्हणजे मराठी गोष्टीतली जात फेकून पहिला भाग काढायचा, आणि सात वर्षांनी तमिळाकडून जात उसनी आणून दुसरा काढायचा. शाझिया इक्बाल या बाईंनी काम मनापासून केले आहे, सेन्सॉरच्या कात्रीखालून जेवढे वाचवता येईल तेवढे वाचवले आहे, हे मी नाकारत नाही. माझे म्हणणे त्या दुकानाबद्दल आहे. त्या दुकानात जात हा माल आहे. खपत नव्हता तेव्हा मागच्या खोलीत होता, आता काचेच्या कपाटात आला.

तमिळांचे वेगळे कशामुळे झाले हेही एका पोराने विचारले होते, आणि शहाणा प्रश्न होता. 'परियेरुम पेरुमाळ' पा. रंजितच्या नीलम या संस्थेने काढला. पैसा, कॅमेरा, गोष्ट आणि नट निवडण्याचा हक्क एकाच हातात. नुसता दिग्दर्शक आपला असून भागत नाही. चेकवर सही करणारा कोण, हे बघावे लागते. मराठीत मंजुळेंनी आटपाट उभे केले. एक. दुसरे कुठाय?

आता सेन्सॉरवर. प्रश्न असा होता: "फुले सिनेमातून शब्द काढले तर बिघडलं काय? गोष्ट तर तीच राहिली ना?" विचारणारा आमच्याच वस्तीतला, म्हणून जास्त लागले.

2025 च्या एप्रिलमध्ये, जोतीरावांच्या जयंतीला, 11 तारखेला, 'फुले' लागायचा होता. ब्राह्मण संघटनांनी ट्रेलरवर हरकत घेतली. सेन्सॉर मंडळाने बदल सुचवले. 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द नकोत. तीन हजार वर्षांची गुलामी नको, कित्येक वर्षांची म्हणा. सिनेमा दोन आठवडे ढकलून 25 एप्रिलला लागला. बरे, सिनेमा म्हणून तो काही थोर नाही. प्रतीक गांधी आणि पत्रलेखा यांनी जीव ओतला आहे, पण अनंत महादेवनांनी जोतीरावांना फार लवकर पुतळा करून टाकले आहे. माणूस चिडतो, चुकतो, भांडतो, तसे काही दिसत नाही. आचार्य अत्र्यांनी 1954 साली 'महात्मा फुले' काढला होता आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले होते. सत्तर वर्षांनी निघालेल्या सिनेमाला जुन्याच्या पुढे पाऊल टाकायचे सोडून शब्दांसाठी भांडत बसावे लागले, ही या वर्षाची खरी बातमी. यादीवाल्यांनी ती नोंदवली नाही.

बिघडले काय? ऐक. 2020 च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचे ठरवले. महारवाडा, मांगवाडा जाऊन तिथे भीमनगर, समतानगर आले. आपण त्याचे स्वागत केले, मीही केले. पत्त्यावर जात का वागवायची? पोस्टमनने आमच्या दारात यायला आमची जात कशाला वाचायची? पण पत्ता वेगळा आणि इतिहास वेगळा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी कुणासाठी शाळा काढली, हे सांगताना त्या मुलींचे, त्या मुलांचे नावच घ्यायचे नाही, तर मग शाळा कुणासाठी काढली? 'गरिबांसाठी'? सगळे थोरपण जोतीरावांच्या पदरी, आणि ज्यांना वर्गाबाहेर ठेवले होते ते बिननावाचे. दुसरे म्हणजे पेशवाई. तो शब्द काढला की अत्याचार राहतो आणि अत्याचारी नाहीसा होतो. जसा काही पाऊस पडला आणि आम्ही भिजलो, कुणी पाणी ओतले नाही.

आणि एक गंमत. इंदापूरच्या तहसिलात जातीच्या दाखल्याचा फॉर्म भरताना तोच शब्द मला स्वच्छ अक्षरात लिहावा लागतो. आजोबाचा पुरावा जोडावा लागतो. तिथे खाडाखोड चालत नाही. सरकारच्या कागदावर शब्द पाहिजे, सरकारच्या परवान्याने चालणाऱ्या पडद्यावर नको. आता बोला.

त्याच वर्षी 'संतोष' तर थिएटरात लागलाच नाही. संध्या सुरींचा सिनेमा, एका दलित मुलीचा खून आणि तपास करणारी पोलीस बाई. ब्रिटनने तो ऑस्करला पाठवला, आपल्याकडे कात्रीच इतकी मोठी काढली की दिग्दर्शिकेने ती मान्य केली नाही.

मला सगळ्यात झोंबलेला सिनेमा नीरज घायवानांचा 'होमबाउंड'. 2025 च्या सप्टेंबरात आला, भारतातर्फे ऑस्करला गेला. टाळेबंदीत गावाकडे निघालेले दोन दोस्त, एक मुसलमान, एक दलित. गोष्टीचा शेवट वर्तमानपत्रातून जगाला आधीच माहीत होता. मला शेवट नाही झोंबला. झोंबले ते असे, की चंदन पोलीस भरतीचा फॉर्म भरताना राखीव रकान्यात खूण करीत नाही, खुल्या रकान्यात करतो. ही लाज कुठून येते हे पांढरपेशा समीक्षकांनी 'संवेदनशील तपशील' म्हणून एका ओळीत उरकले. आमच्या घरांत त्या एका खुणेवर रात्र रात्र भांडणे झाली आहेत. बाप म्हणतो लाव, बाबासाहेबांनी मिळवून दिलेय; पोरगा म्हणतो हॉस्टेलला कळेल. दोघेही आपापल्या जागी खरे असतात आणि फॉर्मची मुदत संपत येते. आणि त्याची आई, शाळेत पोरांचे जेवण शिजवायला लागते तेव्हा वरच्या जातीचे पालक नको म्हणतात. हे उत्तरेतले आहे म्हणून महाराष्ट्राने निवांत बसू नये.

घायवान स्वतः दलित असल्याचे उघड सांगतात. 2021 च्या त्यांच्या 'गीली पुच्ची'त कोंकणा सेन शर्माची भारती मंडल होती. यंत्रावर काम करणारी, हिशेबी, शेवटी डाव जिंकणारी. ती मला जास्त आवडली होती, असे इथे सांगून टाकतो. होमबाउंडमध्ये आम्ही पुन्हा मरतो. चांगले मरतो, सन्मानाने मरतो, परदेशातली माणसे उभी राहून टाळ्या देतील असे मरतो. पण मरतो.

याच जागेवर एका मुलीचा प्रश्न आला. नाव नव्हते, आवाज होता, बारावीतली असावी. तिने विचारले, "काका, असा एखादा पिक्चर हाय का, ज्यात आमच्यातली आई शेवटपर्यंत हसती?"

त्या अर्ध्या मिनिटात मी काहीतरी बोललो, पण उत्तर झाले नाही. नंतर आठवत बसलो. रंजितच्या 'काला'त धारावीत माणसे खातात, पितात, भांडतात, नवराबायको चेष्टा करतात आणि मग लढतात. तिथली बायको तोंडाची फटकळ आहे आणि प्रेमळ आहे. पण ती शेवटपर्यंत हसत नाही, मधेच तिचा जीव जातो. 'झुंड'मधली जयंती आहे, तिथे सगळी वस्ती नाचते. जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'मध्ये सोनाली कुलकर्णींची रमाई आहे, पण रमाईच्या वाट्याला हसणे किती आले हे आपल्याला माहीतच आहे. मराठीत नाव सांग म्हटले तर माझ्या तोंडात नाव येत नाही. आमच्या साहित्याने वेदना मांडली, ते गरजेचे होते, नाहीतर आम्ही होतो हेच कुणी मानले नसते. पण सिनेमावाल्यांनी त्यातली वेदना तेवढी उचलली आणि चावटपणा टाकून दिला. माझी आई उसाच्या फडात मुकादमाची नक्कल करायची. तो समोर असताना करायची, त्याला कळायचे नाही आणि बायका कोयता खाली ठेवून हसायच्या. असला प्रसंग कुठल्या पटकथेत नाही, कारण त्याला बक्षीस नाही.

आता बावडा. कार्यक्रम चालवणाऱ्या पोरांपैकीच एकाने विचारले, "आपल्या गावावर पिक्चर का नाही निघाला?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. 1972 साली बावड्यात दलितांवर गावाने सामाजिक बहिष्कार घातला. राज्याच्या मंत्रिमंडळात तेव्हा बावड्याचेच एक गृहस्थ होते आणि बहिष्कारामागे त्यांच्या भावाचा हात असल्याचा आरोप झाला. त्याच वर्षी मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दोन दलित बायांची विटंबना झाली. देशभरातल्या अत्याचारांचा इलाया पेरुमल समितीचा अहवाल संसदेपुढे नुकताच येऊन पडला होता. हे सगळे वाचून मुंबईतली लिहिणारी पोरं पेटली आणि त्या वर्षी दलित पँथर उभी राहिली. पँथरचा इतिहास कुणीही लिहो, पहिल्या पानावर बावडा येतोच. नामदेव ढसाळांवर, राजा ढालेंवर, ज. वि. पवारांवर पुष्कळ बोलले जाते, बोललेच पाहिजे. पण ज्यांच्या चुली त्या बहिष्कारात विझल्या त्यांची नावे बावड्यातल्या पोरांनासुद्धा पाठ नाहीत.

पिक्चर का निघाला नाही याचे सोपे उत्तर 'कुणाला काढू द्यायचा नव्हता' हे आहे. ते खरेही असेल. पण मला त्यापुढे जायचे आहे, कारण यात सिनेमाचीच एक अडचण आहे. अत्याचार कॅमेऱ्याला दिसतो. काठी उगारली, झोपडी पेटली, बाई धावली. बहिष्कारात काहीच घडत नाही. वाणी मीठ देत नाही. चक्कीवाला दळून देत नाही. कामाला बोलवायला कुणी येत नाही. रस्त्यात समोरून येणारा बोलत नाही. एखाद्या दिवशी कुणी काही करीत नाही, दुसऱ्या दिवशीही करीत नाही, आणि पंधराव्या दिवशी घरात पीठ नसते. आणि ते साल दुष्काळाचे होते, आधीच रानात काही नव्हते. ज्याला पुरावा म्हणतात तो इथे कशाचा द्यायचा? न दिलेल्या मिठाचा? म्हणून तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करायला महाराष्ट्राला 2016 साल लागले, आणि तो अंमलात यायला 2017. विधिमंडळाने तो मंजूर केला तो एप्रिल सैराटचाच.

मग हे दाखवायचे कसे? उत्तर मराठी सिनेमातच आहे. मंजुळेंच्या 'फँड्री'त कैकाड्याचे घर गावासाठी डुकरे धरते. डुक्कर हाताशी आले आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू झाले. सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ. डुक्कर निघून जाते. कुणी कुणाला मारले नाही, कुणी शिवी दिली नाही, आणि तरी त्या मिनिटभरात सगळे सांगून झाले. पुढे तेच डुक्कर काठीला टांगून घरची माणसे निघतात आणि मागे भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई रंगवलेले. त्या भिंतीकडे जब्याचे लक्ष नसते. लोकांना शेवटी कॅमेऱ्याकडे भिरकावलेला धोंडा आठवतो, मला ती भिंत आठवते. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्येही असेच. लोकशाहीर नारायण कांबळेवर खटला, आणि कोर्टात काहीच होत नाही, तारीख पडते. कॅमेरा हलत नाही. माणूस आत कुजतो ते त्या न हलण्यात दिसते. नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार नट नव्हते, नागपूरचे कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. आपल्यासारखेच अंक काढणारे. 2021 च्या एप्रिलमध्ये करोनाने गेले. त्यांच्याबद्दलचा प्रश्न चाळीसांत नव्हता, तो मी घालतो.

म्हणजे बावड्याचा सिनेमा 'न घडण्याचा' सिनेमा व्हायला पाहिजे. त्यात मुंबईहून आलेल्या लढाऊ तरुणाला नायक करू नये. पँथरची जीप गावात शिरली आणि पडद्यावर संगीत उसळले, की मी उठून जाईन. पँथर बावड्यामुळे झाली. बावडा पँथरमुळे झाला नाही.

एकाने शेवटी विचारले, मोबाईलवर दहा मिनिटांची फिल्म काढायचीय, सुरुवात कुठून करू? त्याला मी सांगितले ते इथे लिहून ठेवतो. 1972 ला जी बाई वीस वर्षांची होती ती आता त्र्याहत्तरीची आहे, त्यामुळे पटकथा नंतर, आधी तिच्याकडे जा. जयभीम घाल आणि चहा झाल्यावर विचार, की बाई, त्या दिवसांत दळण कुठे न्यायचा? किती कोस चालायचा? जात्यावर दळत होता का, आणि जाते कुणाचे होते? मोठे प्रश्न विचारू नको. अत्याचार कसा वाटला म्हणून तर मुळीच विचारू नको. ती हसली तर कापू नको. आवाज आधी घे, चित्र मागून घेता येते. मग वरच्या आळीत जा आणि तेव्हाच्या एखाद्या म्हाताऱ्यालाही हाच चक्कीचा प्रश्न विचार. तो बहुतेक म्हणेल, असे काही झालेच नव्हते. तेही रेकॉर्ड कर, पुरते, मधे न बोलता. आणि तेवढे नीरेच्या पुलावर जाऊन मावळतीचे शूटिंग करू नको.